दर्जाला दर लावणाऱ्यांना उत्तर

संशोधनाच्या व्यवहारात एक समजूत इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असे आता कुणाला वाटतही नाही. चांगले जर्नल चालवायचे म्हणजे पैसा लागणारच. तो वाचकाकडून वर्गणी म्हणून घ्या, नाहीतर लेखकाकडून छपाईशुल्क म्हणून घ्या, पण घ्यावा लागतोच, असे ही समजूत सांगते. जे जर्नल दोघांकडूनही दमडी घेत नाही, त्यात कुठेतरी पाणी मुरत असणार, तिथली समीक्षा सैल असणार, आणि चार हौशी मंडळींचा उत्साह ओसरला की ते बंद पडणार, हा तिचा पुढचा भाग. आपल्या विद्यापीठांत तिचे पडसाद रोज ऐकू येतात. पेपर आल्याचे सांगितले की पहिला प्रश्न प्रकाशकाचा, दुसरा इम्पॅक्ट फॅक्टरचा, आणि पेपरात काय म्हटले आहे हा प्रश्न पुष्कळदा निघतच नाही. फुकटात कोण काय देतो, हे व्यवहारज्ञान म्हणून ऐकवले जाते. ते व्यवहारज्ञान नाही. ती चुकीची माहिती आहे, आणि ती चुकीची असल्याचा पुरावा गेली पंचवीस वर्षे सगळ्यांसमोर उघडा पडलेला आहे. तो पुरावा आहे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात, म्हणजे ज्या विषयाचे नवे विभाग आणि नवे अभ्यासक्रम काढण्याची आपल्याकडे आज सर्वाधिक घाई आहे, त्याच विषयात.

‘मशीन लर्निंग’ नावाचे जर्नल 1986 पासून निघत होते. प्रकाशक होता क्लुवर. विषय वाढत होता, लेख लिहिणारे, तपासणारे आणि संपादन करणारे सगळे विद्यापीठांतले होते, आणि छापून आलेला लेख वाचायला मात्र त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना भारी वर्गणी भरावी लागत होती. लेस्ली केलब्लिंग यांच्या पुढाकाराने 2000 साली ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ म्हणजे जेएमएलआर सुरू झाले. इंटरनेटवर लेख सर्वांना मोफत, लेखकाकडून शुल्क नाही, आणि लेखाचा हक्क लेखकाकडेच. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2001 मध्ये, ‘मशीन लर्निंग’च्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एकत्र राजीनामा दिला आणि आपला पाठिंबा नव्या जर्नलला असल्याचे जाहीर पत्राने कळवले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ज्यांना वर्गणी परवडत नाही अशा जगभरच्या संशोधकांना ही व्यवस्था बाहेर ठेवते, आणि इंटरनेटच्या काळात त्याला काही कारण उरलेले नाही. हे चाळीस जण कोण होते? जेफ्री हिंटन होते, ज्यांना 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. योशुआ बेंजिओ होते, ज्यांना हिंटन आणि यान लेकुन यांच्याबरोबर 2018 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन होते, ज्यांना 2024 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मायकेल जॉर्डन, टॉम मिचेल, स्टुअर्ट रसेल, डॅफ्ने कोलर होते. यांना हौशी म्हणायचे असेल तर या विषयात व्यावसायिक कोणाला म्हणणार?

दर्जा प्रकाशकापाशी असता, तर ही माणसे गेल्यावरही तो क्लुवरकडेच राहिला असता आणि नवे जर्नल वर्षभरात आटले असते. प्रत्यक्षात काय झाले ते पाहावे. 2003 साली जेएमएलआरमध्ये बेंजिओ आणि सहकाऱ्यांचा न्यूरल भाषा-प्रारूपावरचा पेपर आला. शब्दांना संख्यांच्या रूपात मांडून पुढचा शब्द काय असेल ते न्यूरल नेटवर्ककडून शिकवून घ्यायचे, ही त्यातली कल्पना आजच्या सगळ्या मोठ्या भाषा-प्रारूपांच्या मुळाशी आहे. त्याच वर्षी ब्ली, एन्ग आणि जॉर्डन यांचा लेटंट डिरिश्ले ॲलोकेशनचा पेपर तिथेच आला. 2008 मध्ये टी-एसएनई आले. 2011 मध्ये सायकिट-लर्न या प्रणालीचे वर्णन आले. आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मशीन लर्निंगचा पहिला धडा बहुधा तिच्यावरच गिरवतो. 2014 मध्ये ड्रॉपआउट आले आणि 2020 मध्ये गूगलमधल्या संशोधकांचा टी-फाइव्हचा पेपर आला. ही यादी मुद्दाम मोठी दिली, कारण ‘एखाददुसरा अपवाद असतो’ हे उत्तर ठरलेले आहे. विषयाची दिशा बदलणारे इतके पेपर एका जर्नलात येत असतील आणि त्यांतल्या एकाही लेखकाला किंवा वाचकाला पैसे मोजावे लागले नसतील, तर त्याला अपवाद म्हणणे हा पुरावा नाकारण्याचाच प्रकार आहे. शिवाय जेएमएलआर पहिलेही नव्हते. ‘जर्नल ऑफ आर्टिफिशियल इंटेलिजन्स रिसर्च’ 1993 पासून इंटरनेटवर मोफत निघते आहे. असमतोल माहितीवर प्रारूप शिकवण्याची स्मोट नावाची जी पद्धत आज सर्रास वापरली जाते, तिचा पेपर 2002 मध्ये त्याच जर्नलात आला.

यावर पहिला गंभीर आक्षेप येतो तो खर्चाचा. मोफत म्हणजे खर्चच नाही असे नसते, कुणीतरी कुठेतरी भार उचलतोच, असे म्हणतात. बरोबर आहे. तो भार किती आहे हे मात्र आक्षेप घेणारे सांगत नाहीत. हार्वर्डचे स्टुअर्ट शीबर यांनी 2012 मध्ये जेएमएलआरचा हिशेब मांडला. सर्व्हर एमआयटीचा, संपादक आणि समीक्षक बिनमोबदला, लेखाची मांडणी लेखक स्वतः ठरावीक साच्यात करून पाठवणार. रोख खर्च उरला संकेतस्थळाच्या नावाचा आणि मुख्यतः करसल्लागाराच्या फीचा. एका लेखामागे तो दहा डॉलरपेक्षाही कमी पडत होता. आता दुसऱ्या बाजूचा आकडा. ‘नेचर’ आणि त्याच नावाच्या संशोधन-जर्नलांनी नोव्हेंबर 2020 मध्ये लेख खुला करण्याचे शुल्क जाहीर केले 9,500 युरो, म्हणजे 11,390 डॉलर, तेव्हाच्या दराने आपल्या पैशांत साडेआठ लाखांच्या घरात. तिथे एक लेख खुला करायला जे पैसे लागतात, त्यात जेएमएलआरच्या हिशेबाने हजाराहून अधिक लेख निघतात. समजा शीबर यांनी खर्च फार कमी धरला. दहापट धरा, वीसपट धरा. दोन आकड्यांमधली दरी त्यानेही बुजत नाही.

संपादकांचा आणि समीक्षकांचा वेळ फुकट कसा धरायचा, असे विचारणाऱ्यांनी हा प्रश्न आधी व्यापारी प्रकाशकांना विचारावा. तिथे समीक्षकाला किती मानधन मिळते? जवळपास सर्वत्र शून्य. समीक्षा विद्यापीठाच्या पगारावरचा प्राध्यापकच करतो, बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि तो पगार बहुतेक देशांत करदात्याच्या पैशातून येतो. म्हणजे जर्नलच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग, लेख पारखण्याचा भाग, दोन्हीकडे सारख्याच रीतीने मिळतो. फरक पुढे सुरू होतो. एल्सेव्हियर ज्या रेलेक्स कंपनीची आहे, तिच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा गेली कित्येक वर्षे महसुलाच्या 37-38 टक्क्यांच्या आसपास आहे. वर्गणीत आणि शुल्कात वाचक किंवा लेखक काय विकत घेतो, याचे बरेचसे उत्तर या टक्केवारीत आहे. कुणी नफा कमावण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या नफ्याला दर्जाची किंमत म्हणून खपवण्याला.

मग दुसरा आक्षेप पुढे येतो. नावाला किंमत असते, मोठ्या प्रकाशकाचे नाव वाचकाला खात्री देते, म्हणून त्या नावाचे पैसे द्यावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. हिंदावी हे खुल्या जर्नलांचे मोठे प्रकाशनगृह होते आणि ते लेखकांकडून शुल्क घेत असे. वायली या जुन्या, नामांकित प्रकाशकाने 2021 मध्ये ते 29.8 कोटी डॉलरला विकत घेतले. 2023 मध्ये हिंदावीच्या जर्नलांतले आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले, कारण विशेषांकांच्या वाटेने बनावट समीक्षा आणि विकत लिहून घेतलेले पेपर ढिगाने आत आले होते. त्या वर्षी वायलीने जी चार जर्नले बंदच केली, त्यांत एक ‘कॉम्प्युटेशनल इंटेलिजन्स अँड न्यूरोसायन्स’ होते. शुल्क होते, नाव होते, मागे मोठी कंपनी होती, अनुक्रमणिकांत नोंदही होती. खात्री कुठे गेली? लेखकाकडून प्रत्येक स्वीकृत लेखामागे पैसे मिळत असतील, तर लेख नाकारण्यात प्रकाशकाचे नुकसान आहे आणि विशेषांक वाढवण्यात फायदा आहे. ही ओढ व्यवस्थेतच बसवलेली आहे. चांगला संपादक तिच्याविरुद्ध जोर लावून टिकतो, दुबळा वाहून जातो. जेएमएलआरच्या संपादकाला लेख नाकारल्याने एका पैशाचा तोटा होत नाही. निर्भीड समीक्षेसाठी याहून बरी स्थिती कोणती असणार?

इथेच आपल्याकडचा मोठा घोटाळा उघडा करायला हवा. ‘खुले जर्नल म्हणजे बोगस जर्नल’ हे समीकरण प्राध्यापकांच्या खोल्यांत सर्रास ऐकू येते. बोगस जर्नले आहेत, हे खरेच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासगटाने 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या आणि कुठल्याही मोठ्या अनुक्रमणिकेत नसलेल्या ज्या जर्नलांची त्यांनी छाननी केली, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी यूजीसीने 4,305 जर्नले यादीतून काढली. पुढे यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली, तिचे काम पुण्याकडेच सोपवले गेले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. पण बोगस जर्नले जगतात कशावर? लेखकाच्या पैशावर. पदोन्नतीसाठी घायकुतीला आलेल्या प्राध्यापकाकडून आणि पीएच.डी.साठी पेपर दाखवणे भाग असलेल्या विद्यार्थ्याकडून ती काही हजार रुपये घेतात आणि आठवडाभरात ‘स्वीकृत’ असे कळवतात. जिथे लेखकाकडून पैसेच घेतले जात नाहीत, तिथे हा धंदा उभा राहायला जागाच नाही. वाचकाला मोफत आणि लेखकालाही मोफत असलेल्या जर्नलाला बोगसच्या रांगेत बसवणे म्हणजे रोग आणि औषध एकाच कप्प्यात ठेवणे आहे. ही चूक अजाणतेपणी होते असे फार काळ म्हणता येणार नाही, कारण फरक एका ओळीत समजण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप याच विषयातल्या लोकांकडून येतो. त्यांचे म्हणणे, जर्नलांचा वाद आता जुना झाला, आमचे सगळे परिषदांवर आणि आर्काइव्हवर, म्हणजे समीक्षेआधीच पेपर सर्वांसाठी खुला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, चालते. यात अर्धे खरे आहे. पेपर लवकर पोहोचवण्यात आर्काइव्हला तोड नाही. पण पोहोचवणे आणि पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत. आर्काइव्हच्या संगणकशास्त्र विभागाला ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर करावे लागले की, आढावा-लेख आणि भूमिका मांडणारे लेख यापुढे कुठल्या तरी जर्नलाने किंवा परिषदेने समीक्षा करून स्वीकारलेले असतील तरच घेतले जातील, कारण भाषा-प्रारूपांच्या मदतीने लिहिलेल्या अशा लेखांचा लोंढा आवरेनासा झाला होता. जर्नलांची गरज संपली म्हणणाऱ्यांचा आधारच आता जर्नलांकडे बोट दाखवतो आहे. परिषदांचे तर काय सांगावे? आज न्यूरिप्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिषदेने 2014 मध्ये स्वतःचीच परीक्षा घेतली. 166 पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. 43 पेपरांबाबत दोघींचे निर्णय वेगळे आले, आणि एका समितीने स्वीकारलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले. 2021 मध्ये पुन्हा प्रयोग केला, चित्र फारसे बदलले नाही. आता त्या एका परिषदेकडे वर्षाला वीस हजारांहून अधिक पेपर येतात, सगळे एका तारखेला येतात आणि सगळ्यांचा निकाल एका तारखेला लागतो. लेखकाला उत्तर द्यायला थोडे दिवस, पानांची मर्यादा ठरलेली, आणि सुधारून पुन्हा त्याच समीक्षकांपुढे जाण्याची सोय नाही. जर्नल हे सगळे देते.

या गरजेतूनच 2022 मध्ये जेएमएलआरच्या घरातूनच ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन मशीन लर्निंग रिसर्च’ निघाले. त्याची कार्यपद्धती जवळून पाहण्यासारखी आहे. पेपर वर्षभरात केव्हाही पाठवता येतो. समीक्षकाला मुळात दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. जे दावे केले आहेत त्यांना पेपरात पुरावा आहे का, आणि वाचकांपैकी काहींना तरी हे जाणून घेण्यात रस असेल का. खळबळ किती उडेल, हा निकष नाही. समीक्षकांनी काय विचारले, लेखकांनी काय उत्तर दिले, संपादकाने कोणत्या कारणाने निर्णय दिला, हे सगळे ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. मोफत जर्नलाची समीक्षा सैल असते असे ज्यांना वाटते, त्यांनी तिथला कुठलाही एक पेपर उघडून खालची प्रश्नोत्तरे वाचावीत आणि मग बोलावे.

चौथा आक्षेप असा की, संगणकवाल्यांना हे जमते, कारण ते स्वतःचे लेख स्वतः मांडू शकतात, इतरांचे काय? मांडणीचा मुद्दा खरा आहे, पण तो काही डॉलरांचा आहे, हजारो डॉलरांचा नाही. आणि इतरांनीही पाऊल उचललेच आहे. 2015 मध्ये भाषाविज्ञानातल्या ‘लिंग्वा’च्या सगळ्या संपादकांनी एल्सेव्हियर सोडून ‘ग्लोसा’ काढले. 2023 मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या संपादकांनीही एल्सेव्हियर सोडून एमआयटी प्रेसबरोबर ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ सुरू केले. तिथे लेखकाला शुल्क आहे, पण आधीच्यापेक्षा कितीतरी कमी. माणसे उठून गेली की जर्नलाचा कस त्यांच्याबरोबर जातो, हे प्रत्येक वेळी दिसले. एक गोष्ट मान्य करतो. ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ची घोषणा झाल्यावर 2018 मध्ये मशीन लर्निंगचे संशोधक टॉम डिट्रिक यांच्या पुढाकाराने तीन हजारांहून अधिक संशोधकांनी त्यात न लिहिण्याचे, त्यासाठी समीक्षा न करण्याचे जाहीर केले, तरी ते जर्नल 2019 मध्ये निघाले आणि आजही चालते. बहिष्काराने प्रकाशनगृह बुडत नाही. पण बहिष्कार टाकणाऱ्यांकडे जायला स्वतःचे, अधिक चांगले घर होते, आणि ते त्यांनी अठरा वर्षे आधी बांधून ठेवले होते. मुद्दा त्या घराचा आहे.

आपल्याकडे ते घर बांधायचा विचारही होत नाही. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नले, 6,300 च्या वर संस्था. आडगावच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जे वाचायला मिळते ते त्याला आधी मिळत नव्हते, आणि ते मिळायलाच हवे. परंतु हे पैसे मुख्यतः वाचण्याच्या परवान्याचे आहेत. मुदत संपली की हातात काही उरत नाही, पुन्हा करार, पुन्हा भाव. मराठी वाचकाशी ज्याचा थेट संबंध आहे ते संशोधन कुठे छापले गेले तेही पाहा. मराठीसह अकरा भारतीय भाषांची इंग्रजीशी जुळवलेली सुमारे 4.97 कोटी वाक्ये असलेला ‘समानंतर’ हा संग्रह 2022 मध्ये ‘ट्रान्झॅक्शन्स ऑफ द असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स’मध्ये आला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने केलेले ‘इंडिकट्रान्स-टू’ 2023 मध्ये ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन मशीन लर्निंग रिसर्च’मध्ये आले. दोन्ही जर्नले वाचकाला मोफत, लेखकालाही मोफत. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला हे पेपर वाचायला कुठला करार लागत नाही, लॉगिन लागत नाही, 2027 नंतरही लागणार नाही.

दर्जा संपादकाच्या नजरेतून येतो, समीक्षकाच्या कष्टातून येतो आणि लेख नाकारण्याच्या मोकळिकीतून येतो. शुल्क यांतले काहीही पैदा करत नाही, आणि हिंदावीसारख्या ठिकाणी ते यांतल्या प्रत्येकाला पोखरते. म्हणून माझे मागणे दोन जणांकडे आहे. विद्यापीठांच्या निवड समित्यांनी प्रकाशकाचे नाव आणि भरलेले शुल्क बाजूला ठेवून पेपर वाचावा, आणि त्याची समीक्षा उपलब्ध असेल तर तीही वाचावी. आणि 2027 नंतरच्या करारावर जे सही करणार आहेत, त्यांनी त्या रकमेतला शंभरावा हिस्सा भारतातल्या संशोधक-संघटनांनी चालवलेल्या, लेखकाकडून आणि वाचकाकडून काहीही न घेणाऱ्या जर्नलांसाठी आधी बाजूला काढावा. तीन वर्षांच्या हिशेबाने ते साठ कोटी होतात.